माझ्या माशांच्या टाकीतलं कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी

पाण्याला रंग असणं वेगळं आणि पाणी गढूळ असणं वेगळं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे रोज या दोन गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत लिहिते. गढूळपणा मोजायला यंत्र असतं. पाण्यातून प्रकाश सोडायचा आणि तरंगणाऱ्या कणांवर आपटून तो काटकोनात किती फेकला जातो ते बघायचं. रंगासाठी नेसलरच्या उंच काचनळ्या असतात. एका नळीत नमुना, शेजारच्या नळ्यांत प्लॅटिनम-कोबाल्टची पिवळसर द्रावणं, आणि वरून खाली बघत रंग जुळवायचा. ॲलन हेझन या अमेरिकी माणसाने १८९२ मध्ये ही पट्टी बसवली, म्हणून आजही आम्ही रंग हेझन एककात लिहितो. एखाद्या पाण्याचा रंग ४० हेझन आणि गढूळपणा एक एनटीयूच्याही (हे गढूळपणाचं एकक) आत, असं सहज असू शकतं. आमच्या घरच्या फिश टँकमधलं पाणी तसंच आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या पुढच्या खोलीत तीन फुटी टाकी आहे, दीडशे लिटरची. तिच्यात दोन मोठी लाकडं आहेत आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आहे. शेजारच्या बेन आल्या की विचारतात, "बेन, आ पाणी केम आवुं?", म्हणजे हे पाणी असं का? सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांना माशांची दया येते. मी प्रत्येकीला शांतपणे सांगते, कारण त्यांचं काळजी करणं बरोबरच आहे. आपल्याकडे पाणी पिवळं दिसलं की नळाची तक्रार करायची असते, हेच सगळे शिकलेलो आहोत. पण परवा मांजलपूरहून भाच्याचा फोन आला. त्याने नवीन टाकी घेतली, दुकानातून हौसेने ड्रिफ्टवुड, म्हणजे टाकीत सजावटीला ठेवायचं वाळकं लाकूड, आणलं, आणि दोन-तीन दिवसांत पाणी तपकिरी झालं. दुकानदाराने त्याला आधी पाणी 'स्वच्छ' करायची बाटली विकली, मग म्हणाला लाकूडच काढून टाका. "मावशी, मासे मरतील का गं?" एवढा घाबरलेला होता. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते आहे, म्हणजे त्याच्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.

मासे मरणार नाहीत. लाकडातून जे उतरतं ते टॅनिन, म्हणजे झाडातले तुरट पदार्थ, आणि ह्युमिक जातीची, म्हणजे झाडपाला कुजून होणारी, आम्लं. झाड आपल्या गाभ्यात आणि सालीत टॅनिन साठवतं ते किडीपासून आणि बुरशीपासून बचाव म्हणून. बाभळीच्या सालीत ते असतं, तीच साल चामडं कमावायला वापरतात. हिरड्यात असतं. खैराच्या गाभ्यात तर इतकं असतं की तो उकळून आटवला की काथ मिळतो. लाकूड पाण्यात पडलं की हे पदार्थ हळूहळू विरघळून बाहेर येतात आणि पाणी पिवळं, मग तांबूस, मग तपकिरी होतं. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना याचा काही त्रास नाही. उलट ह्युमिक पदार्थ तांब्यासारख्या धातूंना धरून ठेवतात, त्यामुळे पाण्यात चुकून आलेल्या तांब्याचा जहालपणा थोडा कमी होतो.

पण प्रत्येक पिवळं पाणी लाकडामुळेच पिवळं असतं असं समजून गप्प बसू नये. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी ओळखायला शिका. पारदर्शक काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी घ्या आणि ग्लासामागे छापील कागद धरा. अक्षरं स्पष्ट वाचता आली आणि फक्त कागद पिवळट दिसला तर रंग विरघळलेला आहे. अक्षरंच धूसर झाली तर पाण्यात कण आहेत. तोच ग्लास रात्रभर न हलवता ठेवा. माती असेल तर तळाला बसेल. टॅनिन कितीही वेळ ठेवा, बसणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही हेच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणकागदातून करतो, गाळल्यावर जो रंग उरतो तो खरा रंग. पाणी दुधाळ दिसलं तर ती नव्या टाकीत होणारी जिवाणूंची वाढ. हिरवं दिसलं तर शेवाळं. काचेवर तपकिरी साय आली आणि ती बोटाने पुसली गेली तर ते डायटम नावाचं शेवाळं, त्याचा लाकडाशी संबंध नाही.

आणखी एक पिवळेपणा असतो आणि त्याची मला खरी काळजी वाटते. लाकूड नसलेल्या, जुन्या टाकीत महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही की मावळत्या उन्हासारखा पिवळा रंग चढतो. ते उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, कुजकी पानं यातून आलेलं असतं, आणि सोबत नायट्रेटही वाढलेलं असतं. लाकूड ठेवणाऱ्यांच्या घरात हा धोका जास्त, कारण पाणी पिवळं झालं तरी 'लाकडाचं असेल' म्हणून सोडून दिलं जातं. त्यामुळे लाकूड असो वा नसो, नायट्रेटचा किट घरात हवा आणि तो वापरायला हवा. रंगाकडे बघून नायट्रेट कळत नाही. वासाने मात्र एक गोष्ट कळते. टॅनिनच्या पाण्याला पावसानंतरच्या जमिनीचा मंद वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर लाकूड आतून कुजतंय, ते त्याच दिवशी बाहेर काढा.

आता लाकडाबद्दल. दुकानात तीन-चार प्रकार मिळतात. मोपानी हे आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या मोपाने झाडाचं लाकूड, दोन रंगांचं, इतकं जड की लगेच बुडतं, आणि पाणी सगळ्यात गडद तेच करतं. मलेशियन म्हणून जे विकतात तेही जड आणि रंगाला उदार. स्पायडरवुड फांद्याफांद्यांचं, फिकट, रंग कमी सोडतं पण बरेच दिवस तरंगत राहतं, त्याला दगड बांधावा लागतो. ज्याला रंग अजिबात नको त्याने मोपानी घेऊच नये. दुकानदार हे सांगत नाहीत. सांगायला हवं.

माझ्या टाकीतलं मोठं लाकूड मात्र नर्मदेचं आहे. आम्ही वर्षातून एकदा गरुडेश्वरला जातो. टेंब्ये स्वामींची समाधी तिथे नर्मदेच्या काठावर आहे, स्वामी १९१४ मध्ये तिथेच समाधिस्थ झाले, आणि बडोद्यातल्या मराठी घरांतून तिथे जाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पूर ओसरल्यावर काठाच्या गोट्यांत मुळं, बुंधे अडकलेले असतात, साल गेलेली, पाण्याने घासून गुळगुळीत झालेली. त्यातलंच एक फाटे फुटलेलं मूळ आम्ही गाडीत घालून आणलं. ते कोणत्या झाडाचं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी दोन कसोट्या लावल्या. नखाने दाबलं तर नख आत जाता कामा नये, आणि तोडलेल्या कडेला डिंकाचा, राळेचा किंवा तेलाचा वास येता कामा नये. ओलं, हिरवट, चिकट लाकूड टाकीत घालू नका. कडुनिंबही नको. घाटाच्या अगदी जवळचं, अर्धवट जळालेलं, रंग किंवा तेल लागलेलं लाकूड तर मुळीच नको. आणि कोणी विश्वामित्रीच्या पात्रातून आणायचा विचार करत असेल तर कृपा करून करू नका. तिच्यात शहराचं सांडपाणी आहे, आणि मगरी आहेत, त्या आपल्या पायऱ्यांपर्यंत येतात.

आणलेलं लाकूड आधी ब्रशने घासायचं, नुसत्या पाण्याने, साबण नाही. मग उकळायचं. उकळल्याने बुरशीचे बीजाणू आणि किडे मरतात आणि गार पाण्यापेक्षा टॅनिन भराभर उतरतं. तासभर उकळलं की पाणी काळंभोर होतं, ते ओतायचं, पुन्हा नवीन पाणी. दिवसभर सलग उकळत ठेवण्यात मात्र फायदा नाही, त्याने लाकडाचे तंतू ढिले पडतात आणि पुढे ते लवकर कुजतं. एवढं मोठं मूळ पातेल्यात मावणार नव्हतं, म्हणून मी ते प्लॅस्टिकच्या टपात घालून वरून उकळतं पाणी ओतत राहिले. घरातलं तांब्याचं घंगाळ आयतं होतं आणि सासूबाई म्हणाल्याही, "हे घे की, मोठं आहे." मी नको म्हटलं. टॅनिनचं आंबट पाणी तांब्यापितळेतून तांबं सोडवून घेतं, ते लाकडात मुरतं, आणि मासे कदाचित सहन करतील पण झिंगे आणि गोगलगाई तांब्याने मरतात. लोखंडाची बादलीही नको. टॅनिन आणि लोह मिळून निळाकाळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत ती याच रसायनाने.

भिजवण्याचे दिवस लाकडाच्या जाडीवर ठरतात. पातळ फांद्यांचं लाकूड आठ-पंधरा दिवसांत निवळतं, मांडीएवढा बुंधा महिनोन्‌महिने रंग सोडत राहतो. रोज पाणी बदलायचं, आणि बदललेलं पाणी पांढऱ्या मगात घेऊन बघायचं. रंग उतरायचा वेग आधी खूप, मग कमी, मग फारच कमी होत जातो. पूर्ण थांबेपर्यंत वाट बघत बसलात तर टाकी कधी लागणारच नाही. पुढचं काम टाकीत पाणी बदलण्याने होतं. दर आठवड्याला पाव पाणी बदललं आणि लाकडाने नवीन रंग सोडला नाही असं धरलं, तर चार आठवड्यांनी मूळ रंगाचा साधारण ३२ टक्केच भाग उरतो. लाकूड रंग सोडत असतं म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त उरतो इतकंच. एकदम अर्धं-पाऊण पाणी बदलून रंग घालवायची घाई करू नये. माशांना तापमानाचा आणि खनिजांचा धक्का बसतो, आणि बडोद्याच्या जानेवारीत नळाचं पाणी टाकीपेक्षा कितीतरी गार असतं.

नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरा, कापसासारखा, चिकट थर येतो. भाच्याने त्याचाही फोटो पाठवला होता. लाकडातल्या साखरेवर जगणारी ती बुरशी आणि जिवाणू, साखर संपली की आपोआप जाते. झिंगे ते आवडीने खातात. ब्रिसलनोज मासे लाकूडही खरवडतात, त्यांच्यासाठी तर टाकीत लाकूड असायलाच हवं. साधा सकर मात्र घेऊ नका. दुकानात बोटाएवढा असतो, वाढतो फूटभर आणि त्याहून जास्त, मग लोक त्याला तळ्यात, नदीत सोडून येतात. आपल्या देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो असाच पसरलाय आणि तिथल्या माशांच्या मुळावर उठलाय. आमच्या सूरसागर तलावात सोडून पुण्य लागत नाही.

रंग नकोच असेल तर काय करायचं? कार्बन. पण इथे एक गोष्ट आहे जी आमच्या धंद्यातल्या लोकांना माहीत असते आणि मासे पाळणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. आपल्या बाजारात बहुतेक कार्बन नारळाच्या करवंटीचा असतो. त्याची छिद्रं फार बारीक असतात. क्लोरीन, वास, लहान रेणू यांना तो उत्तम धरतो. टॅनिन आणि ह्युमिक पदार्थांचे रेणू मोठे, ते त्या छिद्रांत शिरतच नाहीत, बाहेरून चिकटतात आणि तोंडं बंद करतात. लाकडापासून किंवा दगडी कोळशापासून केलेल्या कार्बनची छिद्रं मोठी असतात, रंग काढायला तो बरा. म्हणून "कार्बन घातला तरी रंग गेला नाही" ही तक्रार ऐकली की मी आधी विचारते, कार्बन कशाचा? आणि कसलाही असला तरी तो काही आठवड्यांत भरतो, बदलावा लागतो. माशांना औषध देताना काढून ठेवावा लागतो, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. प्युरिजेन नावाचं रेझिन मिळतं, ते रंग फार छान काढतं आणि ब्लीचने धुऊन पुन्हा वापरता येतं. महाग आहे, आणि ब्लीचनंतर अँटी क्लोरीनमध्ये नीट भिजवलं नाही तर मासे जातील. ज्याच्याकडे तेवढी शिस्त आहे त्यानेच त्या वाटेला जावं.

तुरटीचा सल्लाही खूप जण देतात. काकू म्हणाल्या, "तुरटी फिरव, एका रात्रीत निवळेल." पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवणारी घरं आपली, आणि जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीचंच काम चालतं, त्यामुळे सल्ला कुठून येतो ते कळतं. तुरटीने रंग खरंच उतरतो. पण ती पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खाते, पीएच खाली ओढते म्हणजे पाणी आंबट करते, आणि पीएच खाली गेला की विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना जाळतं. केंद्रात त्या पाण्यात कोणी राहत नसतं. टाकीत राहतात.

ब्लीचिंग पावडरचं नावही काढू नका. त्याने मासे आणि फिल्टरमधले चांगले जिवाणू दोन्ही मरतात. शिवाय ह्युमिक पदार्थांवर क्लोरीन पडला की ट्रायहॅलोमिथेन नावाची अपायकारक रसायनं तयार होतात, हे १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं. पिण्याच्या पाण्यातला नैसर्गिक रंगही काढून टाकायला हवा, याचं एक मोठं कारण हेच. आपल्याकडे आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याचा रंग ५ हेझनपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर १५ पर्यंत चालेल, असं आहे. काही जण मला हाच आकडा दाखवून म्हणतात, बघ, तुझी टाकी ४० ला आहे. हो, पण ते पाणी आपण क्लोरीन घालून प्यायचं पाणी आहे. टाकीत पाणी भरताना मी आधी क्लोरीन काढते, मग ते लाकडापर्यंत जातं.

टॅनिनने पीएच किती पडतो, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याचं उत्तर तुमच्या नळात आहे. बडोद्याला पाणी येतं ते मुख्यतः सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजवा सरोवरातून आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून, शिवाय कित्येक सोसायट्यांत बोअर आहे. आमच्या घरच्या पाण्याची अल्कलिनिटी १९० मिलिग्रॅम प्रति लिटर येते, पीएच ७.८. टाकीत लाकडं असूनही पीएच ७.६ च्या खाली गेलेला मी बघितलेला नाही. पाण्यातले बायकार्बोनेट लाकडाचं आम्ल येईल तसं गिळत राहतात. म्हणजे अशा पाण्यात रंग चढतो, आंबटपणा चढत नाही. बोअरवाल्यांचं तर पाणी आणखी कठीण, तिथे लाकडाने पीएच कमी करायची आशाच सोडावी.

उलट धोका आरओवाल्यांना आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी दिसायला सुंदर, म्हणून लोक टाकीही त्यानेच भरतात. त्या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतात, सावरून धरणारं काही उरत नाही. त्यात मोठं लाकूड घातलं तर पीएच खरंच घसरतो, आणि पीएच एक अंकाने घसरला म्हणजे आम्लता दहापट झाली. माशांना ते फार होतं. आरओचं पाणी वापरायचं असेल तर नळाच्या पाण्यात मिसळून वापरा, आणि अल्कलिनिटी मोजत राहा. केएच नावाचा थेंबांचा किट मिळतो, एक अंश म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम. तो तीन-चारच्या खाली जाऊ देऊ नका.

हे सगळं सांभाळून मी लाकूड का ठेवते, हे आता सांगते.

माझ्याकडे निऑन आणि कार्डिनल टेट्रा आहेत. कार्डिनल मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रोच्या खोऱ्यातले. ती नदी कोलंबियातून निघते, ब्राझीलमध्ये मनौस शहराजवळ अ‍ॅमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला, सोलिमोइशला, मिळते. एकीचं पाणी काळं, दुसरीचं दुधाळ मातकट. वेग, तापमान आणि घनता वेगळी असल्यामुळे दोन्ही सुमारे सहा किलोमीटर शेजारीशेजारी वाहतात, मिसळत नाहीत. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८४८ ते १८५२ या काळात त्या नद्यांवर फिरला आणि त्याने तिथल्या पाण्याचे पांढरं, निळं आणि काळं असे तीन प्रकार पाडले. काळ्याचं कारण लाकूड आणि पाचोळाच. वालुकामय, खनिजांनी गरीब जमिनीवरचं जंगल, दरवर्षी महिनोन्‌महिने पुरात बुडणारं. त्या पाण्याचा पीएच चार-पाचच्या आसपास, क्षार इतके कमी की पावसाच्या पाण्याशी तुलना व्हावी. त्या अंधारात कार्डिनलच्या अंगावरची निळी रेघ चमकते, कळपाला एकमेकांचा पत्ता लागतो. ज्या माशाचं सगळं रूप या पाण्यासाठी घडलं, त्याला पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली, निळ्या खड्यांवर ठेवतात हे मला बघवत नाही. तो मासा फिका पडतो, एका कोपऱ्यात दबून राहतो.

माझं पाणी रिओ नेग्रो नाही, होणारही नाही. कठीण पाण्यात टॅनिन घातलं म्हणून ते मऊ होत नाही. आपल्याकडे मिळणारे निऑन बहुतेक पाळून वाढवलेले असतात, आपल्या पाण्याला ते सरावतात, फक्त त्यांची अंडी अशा पाण्यात नीट उबत नाहीत. पण रंगामुळे उजेड सौम्य होतो, एवढं नक्की. टॅनिन निळा आणि अतिनील प्रकाश जास्त शोषतं, तांबडा पुढे जाऊ देतं. टाकीत लाकूड आल्यापासून कळप मधल्या पाण्यात मोकळा फिरतो, माणूस जवळ आला तरी उधळत नाही. हे माझं निरीक्षण आहे, मोजमाप नाही, पण रोज संध्याकाळी बघते म्हणून खात्रीने सांगते. उजेड कमी पोचल्यामुळे उजेडाला हपापलेल्या लाल वनस्पती जमत नाहीत. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस यांना चालतं. ती लाकडालाच बांधता येतात, दोऱ्याने, जमिनीत पुरायची गरज नाही.

गप्पी, मॉली ठेवणाऱ्यांना हा रंग लागत नाही, त्यांना कठीण पाणी हवं, रंग असला तरी बिघडत नाही. मलावी सरोवराचे सिक्लिड ठेवणाऱ्यांनी मात्र लाकडाऐवजी दगड घ्यावेत. ते मासे खडकांतले आणि अल्कधर्मी पाण्यातले आहेत.

लाकडाचा रंग काही महिन्यांनी फिका पडतो. तेव्हा मी देशी बदामाची पानं घालते. टर्मिनालिया कटापा, हिरडा, बेहडा आणि अर्जुन ज्या कुळातले त्याच कुळातलं झाड. बडोद्यात शाळांच्या, बंगल्यांच्या आवारात सगळीकडे आहे, पोरं दगडाने त्याची फळं फोडून आतला गर खातात. गळायच्या आधी पानं तांबडी होतात. झाडावरून तोडायचं नाही, खाली पडलेलं, पूर्ण वाळलेलं, तांबूस तपकिरी पानच घ्यायचं, आणि जिथे डासांच्या औषधाची किंवा कीटकनाशकाची फवारणी होते तिथलं घ्यायचं नाही. धुवायचं, उन्हात कोरडं करायचं, आणि टाकीत टाकायचं. दोन-तीन दिवस तरंगतं, मग बसतं. आग्नेय आशियात लढाऊ बेट्टा पाळणारे हे पान पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत. माझ्या टाकीला एका वेळी तीन-चार मोठी पानं पुरतात. त्यांची जाळी झाली की झिंगे उरलेलं संपवतात, देठ आणि शिरा मी सायफनने ओढून घेते आणि ते पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घालते. मोगऱ्याला ते चांगलं मानवतं.